बावीस अंशांची खोली

धम्मदीपा तायडे हॅम्बर्गच्या संशोधनसंस्थेत आली २००२ च्या सप्टेंबरात, पण उल्काताईंचं तिच्याकडे खरं लक्ष गेलं ते ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, तळमजल्यावरच्या सिंकपाशी. तोवर ती त्यांच्या लेखी टपालाच्या खणावर चिकटवलेलं एक नाव होती. भारतातून पीएच.डी.ला मुलं येत, पहिल्या थंडीत गळाठत, मग आपापली सावरत. सगळ्यांची दखल कुठवर घ्यायची?

त्या दिवशी एक सावळी, काटक मुलगी पाठमोरी उभी राहून काचेच्या पट्ट्या धूत होती. अंगठ्याच्या नखाएवढ्या, कागदासारख्या पातळ पट्ट्या. संस्थेत सगळे त्या तीनदा विसळत आणि पुढच्या कामाला लागत. ही मुलगी सातव्यांदा विसळत होती. प्रत्येक पट्टी चिमट्यात धरून खिडकीकडे करायची, हॅम्बर्गच्या त्या राखाडी उजेडात तिरकी फिरवून बघायची. दोन तिने फेकल्या. तिसरीकडे बराच वेळ पाहून म्हणाली, "तू काही कामाची नाहीस, बाप्पा."

"मग टाकून दे," उल्काताई मागून म्हणाल्या.

मुलगी अशी दचकली की पट्टी सिंकमध्ये पडून फुटली. "मॅडम, तुम्ही मराठी?"

"पुण्याची. इथे सव्वीस वर्षं झाली. म्हणजे आता अर्धी इथली."

"मी पूर्ण मूर्तिजापूरची. अकोला जिल्हा." आणि ती मोकळं हसली.

"काचा फोडायला आलीस का जर्मनीला? चल दीपा, तुला दुसरा डबा काढून देते."

"धम्मदीपा म्हणा, ताई. दीपा मला कुणी म्हणत नाही."

हे तिने हसतच सांगितलं, पण त्यात घासाघीस करायला जागा नव्हती. उल्काताईंनी मान डोलावली आणि त्या दिवसापासून पूर्ण नाव घेतलं.

उल्का ब्रांट, माहेरच्या पटवर्धन, या संस्थेत तांत्रिक सहायक होत्या. नवरा डीटर बंदरात क्रेन चालवणाऱ्यांचा मुकादम. मुलगा मनु बर्लिनला. त्याच्याशी मराठीत बोललं की तो सगळं समजून जर्मनमध्ये उत्तर द्यायचा. संस्थेत तीन प्रोफेसर आले, दोन गेले, उल्काताई होत्या तिथेच होत्या. कुठली बाटली कुठल्या कपाटात, कुठला पंप कधी रुसतो, हे त्यांना ठाऊक असायचं. नवीन मुलांना हात धरून शिकवायचं कामही त्यांचंच, आणि ते त्या मनापासून करत.

सध्याचे प्रोफेसर हार्म्स यांचा प्रश्न ऐकायला साधा होता. प्रत्येक पेशीभोवती मेदाची एक कातडी असते, दोन रेणूंइतकीच जाड. ती टणक नसते, वाहती असते. तिच्यावर प्रथिनं आणि एन्झाइमं सरकत असतात, आणि पेशीची बरीचशी ने-आण या सरकण्यावरच चालते. आता एन्झाइम जेव्हा काम करतं, म्हणजे आपलं खाद्य तोडतं, तेव्हा दर तोडीला त्याला बारीकसा धक्का बसत असेल का? आणि त्या धक्क्यांनी ते मेदाच्या पडद्यावर जास्त वेगानं फिरत असेल का? हार्म्स यांना वाटत होतं, फिरत असणार. ते सिद्ध करणं हे धम्मदीपाच्या पीएच.डी.चं काम ठरलं.

काम असं चाले. काचेवर मेदाचा पडदा पसरायचा. चमकणारा रंग लावलेलं एन्झाइम त्यात रोवायचं. लेझरनं एक गोल ठिपका जाळून काळा करायचा, आणि आजूबाजूची चमकती एन्झाइमं सरकत येऊन तो ठिपका किती सेकंदांत भरून काढतात ते घड्याळावर बघायचं. लवकर भरला तर एन्झाइम वेगानं धावतंय. हेच आधी खाद्य न देता आणि मग खाद्य देऊन करायचं.

"आधी उपाशी, मग जेवलेलं," उल्काताईंनी तिला शिकवलं. "हा माझा नियम आहे. एकदा का खाद्य काचेवर सोडायच्या नळीत गेलं की धू धू धुतलंस तरी कुठेतरी थेंबभर राहतंच. मग उपाशी म्हणून मोजशील ते चोरून खात असेल."

"सासरच्या उपासासारखं," धम्मदीपा म्हणाली.

"तुला काय माहीत सासर?"

"ऐकून आहे न, ताई."

उल्काताईंनी तो नियम प्रयोगशाळेच्या कार्यपद्धतीच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिला होता आणि खाली सही केली होती. नियम शहाणपणाचाच होता. सकाळी आठला पडदा पसरायचा, अकरापर्यंत उपाशी मोजायचं, मग खाद्य सोडायचं, तासभर थांबायचं, आणि दुपारी तीनपर्यंत जेवलेलं मोजायचं. सूक्ष्मदर्शकाच्या खोलीला खिडकी नव्हती. आत एक जुना, पंख्यानं गार होणारा लेझर दिवसभर घरघरत असायचा.

त्या दोन वर्षांत दोघींचं गूळपीठ जमलं. परदेशी लोकांच्या कचेरीत, आउसलेंडरबेहोर्डेत, पहाटे रांग लावायला उल्काताई तिच्याबरोबर जायच्या. त्यांनी आणलेली साबुदाण्याची खिचडी धम्मदीपा चवीनं खायची आणि म्हणायची, "ताई, तिखट घालायला घाबरता का तुम्ही?" मग एका रविवारी तिने आपल्या खोलीवर ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्या थापल्या आणि सोबत असा ठेचा वाढला, की डीटरनं तीन ग्लास पाणी पिऊन मराठीत "बास" म्हटलं. तिच्या टेबलावर बाबासाहेबांचा एक छोटा फोटो आणि शेजारी आईवडिलांचा. दादाराव एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. गयाबाई अंगणवाडीत मदतनीस. लेकीला परदेशी पाठवताना डेपोतल्या लोकांनी तिचा सत्कार केला होता, फाटकापाशी, दोन बसच्या मधे. ती गोष्ट ती नेहमी हसत सांगायची, पण सांगताना पाठ ताठ व्हायची.

एकदा मात्र उल्काताईंनी तिला मराठी मंडळाच्या गणपतीला नेलं. २००३ ची गोष्ट. भाड्यानं घेतलेला हॉल, तीसेक मराठी कुटुंबं. उल्काताईंची जुनी मैत्रीण अरुंधती मोदक वाढत होती.

"तायडे म्हणजे नक्की कुठले गं?" तिने विचारलं.

"मूर्तिजापूरचे."

"ते झालं. पण म्हणजे…"

"आम्ही बौद्ध, काकू."

अरुंधतीचा चमचा क्षणभर वर राहिला. "हो का! छान, छान. आमच्या इथे तसलं काही नसतं हं," असं म्हणून तिने एक मोदक जास्त वाढला.

परतताना गाडीच्या काचेवर पाऊस वाजत होता. मग धम्मदीपानं विचारलं, "ताई, त्यांच्या इथे 'तसलं काही' म्हणजे काय नसतं?"

उल्काताईंना उत्तर येत होतं. अरुंधतीला हॉलमध्येच काय म्हणायला हवं होतं, तेही सुचत होतं. पण त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं. तिचा स्वभावच तसा." आणि सिग्नल हिरवा झाला.

धम्मदीपा पुन्हा मंडळात आली नाही. उल्काताईंनीही पुन्हा बोलावलं नाही.

२००४ च्या पावसाळी उन्हाळ्यात आकडे यायला लागले. जेवलेलं एन्झाइम उपाशी एन्झाइमच्या दीडपट वेगानं धावत होतं. एकदा नाही, वीसदा, तीसदा. हार्म्स यांनी स्वतः येऊन पाहिलं, टेबलावर टिचकी मारली आणि संध्याकाळी सगळ्यांना वाइन पाजली. त्या मेदाच्या निवडीचं श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं, आणि ते खरंही होतं. चोवीस अंशांच्या आसपास वितळणारा तो मेद त्यांनीच निवडला होता, कारण त्यावर हालचाल सावकाश होते आणि नीट मोजता येते.

धम्मदीपानं तिथूनच, बोलण्याच्या भरात, घरी फोन लावला. "बाबा, झालं! जेवलेलं जोरात धावते!"

दादारावांचा आवाज शेजारी उभ्या उल्काताईंनाही ऐकू गेला. "धावते थे इंजिनानं धावते की उतारानं, हे पाह्यलं का वं पोरी?"

"बाबा, इथं उतार नसते. काच सपाट असते."

"मंग बरं हाय." मागून गयाबाई विचारत होत्या, जेवली का, काय खाल्लं.

पुढचा हिशेब सरळ होता. फेब्रुवारी २००५ मध्ये निबंध एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला, धम्मदीपाचं नाव पहिलं. तिचा फेरट्राग, म्हणजे करार, तीस सप्टेंबरपर्यंत. निबंध छापला गेला की तोच प्रबंधाचा कणा. सप्टेंबरात प्रबंध द्यायचा, डॉक्टर व्हायचं. हार्म्स यांचं पुढच्या तीन वर्षांचं अनुदान त्याच निबंधावर मागितलेलं होतं. सगळ्यांचीच गाडी एका रुळावर होती.

चौदा एप्रिल गुरुवारी आला. दर वर्षी त्या दिवशी धम्मदीपा अर्धी रजा घ्यायची. पांढरी साडी नेसायची, फोटोपुढे मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, मग मूर्तिजापूरला फोन. तिथली मिरवणूक फोनवरच ऐकायची. त्या वर्षीही तसंच झालं. सूक्ष्मदर्शकाची सकाळची पाळी तिने पेशींवर काम करणाऱ्या शेजारच्या गटाला दिली आणि दुपारी एकला, साडीवर कोट चढवून, ती संस्थेत आली. उशीर झाला होता; तेवढ्यात निदान उपाशी मोजमाप तरी उरकावं, असा तिचा विचार.

तीनच्या सुमाराला उल्काताई काही द्यायला त्या खोलीत गेल्या. धम्मदीपा खुर्चीत ताठ बसली होती.

"काय झालं?"

"ताई, हे उपाशी आहे. खाद्याची बाटली मी उघडलीसुद्धा नाही." तिने संगणकाच्या पडद्याकडे बोट दाखवलं. "आणि हे जेवल्यासारखं धावतंय."

"नळी जुनी असेल."

"नवी आहे. आज सकाळी तुम्हीच काढून ठेवलेली."

"मग आज काहीतरी वेगळं झालं असेल."

"आज वेगळं एवढंच झालं, की मी दुपारी आले." आणि मग, जणू स्वतःशीच, "उतार."

नंतरचे तीन आठवडे ती काय करते आहे, हे तिने कुणाला सांगितलं नाही. काचेच्या शेजारी एक बारीक तापमापक चिकटवला आणि दर दहा मिनिटांनी आकडा लिहिला. सकाळी साडेआठला बावीस. दुपारी अडीचला पंचवीस आणि वर काही. चोवीस अंशांना वितळणारा मेद: सकाळी थिजलेल्या तुपासारखा, दुपारी पातळ झालेल्या तुपासारखा. पातळ तुपावरून काय, काहीही घसरतं. जेवलेलंही आणि उपाशीही. तिने काच बावीस अंशांवर धरून ठेवायची सोय केली आणि दोन्ही परत मोजलं. फरक उरला नाही.

मे महिन्यातल्या एका सोमवारी तिने चहाच्या खोलीत उल्काताईंसमोर ती वही ठेवली. उल्काताईंनी सगळी पानं वाचली. अक्षर नेहमीप्रमाणे एकसारखं, एकही खाडाखोड नाही.

"भिंतीवर तर बावीस असतं," त्या शेवटी म्हणाल्या.

"तो काटा दाराजवळ आहे, ताई. कॉरिडॉरची हवा मोजतो. लेझर आतल्या कोपऱ्यात आहे."

"हार्म्सना सांगितलंस?"

"शुक्रवारच्या बैठकीत सांगणार. पण मी विद्यार्थिनी आहे. ते म्हणतील, हिचंच काही चुकलं असेल. तुम्ही सांगितलं तर ऐकतील. दोनच गोष्टी सांगायच्या. खोली दुपारी तापते, आणि दोन वर्षं आपण एकदाही क्रम बदललेला नाही."

उल्काताईंनी चहाचा कप बाजूला सरकवला. "खोली तापते हे मला कसं माहीत असणार?"

"ताई, तुम्ही तिथे काम असलं की बारा वाजता स्वेटर काढता. मी दोन वर्षं बघतेय. खुंटीला अडकवता आणि तीनला परत घालून वर जाता."

हे खरं होतं. इतकं खरं होतं, की उल्काताईंना राग आला.

"निबंध गेलाय, धम्मदीपा. सहा महिन्यांत तू डॉक्टर होशील. कशाला उकरतेस? खोटं तू काही केलेलं नाहीस. आकडे जे आले ते आले."

"आता माहीत झालंय न."

"तुझ्या बाबांना काय सांगशील?"

"बाबांना तर आधीच माहीत होतं," ती म्हणाली आणि हसली. ते हसणं बघवलं नाही. "सांगाल न, ताई?"

"बघू," उल्काताई म्हणाल्या.

ते चार दिवस त्यांनी मनाशी नाना तऱ्हेनं वाटाघाटी केल्या. नियम त्यांचा होता. वहीत अक्षर त्यांचं होतं, सही त्यांची. पंचवीस वर्षांची त्यांची ओळख एकच होती, की फ्राऊ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई, चुकत नाहीत. निवृत्तीला पाच वर्षं उरली होती. हार्म्स रागावले तर त्यांची नोकरी जाणार नव्हती, ती कायमची होती. एवढंही भय नव्हतं. फक्त कॉरिडॉरमधून जाताना लोक जरा वेगळं बघतील, एवढंच. आणि डीटरनं रात्रीच्या जेवणाला विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "काही नाही, लॅबमधली कटकट."

शुक्रवारी धम्मदीपानं बारा मिनिटांत सगळं मांडलं. एकही शब्द जास्त नाही. हार्म्स आरडाओरडा करणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी चष्मा पुसला.

"तीन आठवड्यांची तुमची मोजमापं, दोन वर्षांच्या तुमच्याच मोजमापांविरुद्ध," ते म्हणाले. "मी यातल्या कुठल्या फ्राऊ तायडेंवर विश्वास ठेवू?" एकदोघं हसले. मग ते वळले. "फ्राऊ ब्रांट, तुम्ही त्या खोलीला माझ्याहून जास्त ओळखता. तिथलं तापमान किती असतं?"

सगळ्यांचे चेहरे उल्काताईंकडे. धम्मदीपाचाही.

"आल्झो, म्हणजे असं," त्या म्हणाल्या. "भिंतीवरचा काटा बावीस दाखवतो. नेहमीच बावीस दाखवतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," हार्म्स म्हणाले.

त्या वाक्यात खोटा शब्द एकही नव्हता. उल्काताईंनी पुढे कितीदा तरी ते वाक्य मनात उलटंपालटं करून पाहिलं, पण त्यात पकडता येईल असा खोटा शब्द त्यांना सापडला नाही. धम्मदीपानं त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नवलही नव्हतं. नवल असतं तर बरं झालं असतं.

पुढचं सगळं शांतपणे, नियमाप्रमाणे झालं. हार्म्स यांनी तिला बोलावून सांगितलं, की निबंध मागे घेण्याचं कारण दिसत नाही. तापमानाची शंका पुढे कधीतरी "अनुभवी हातांनी" तपासता येईल. तिने प्रबंध लिहायला लागावं. तिने सांगितलं, की जे खरं नाही हे मला माहीत आहे, त्यावर मी प्रबंध लिहू शकत नाही. मग दुसरा विषय घ्या, ते म्हणाले. दुसऱ्या विषयाला दोन वर्षं लागली असती, आणि करार चार महिन्यांचा उरला होता. तो वाढवायला पैसे नव्हते, असं पत्र आलं. निबंधावरून आपलं नाव काढावं, असा अर्ज तिने दिला, रीतसर, सही करून. तो मात्र एका दिवसात मंजूर झाला. ऑगस्टात निबंध छापून आला. पहिलं नाव आता हार्म्स यांचं होतं.

तिच्या शेवटच्या दिवशी उल्काताईंनी डब्यात गोड शिरा नेला. धम्मदीपानं डबा घेतला, आतला शिरा आपल्या बशीत काढला, डबा घासून, सात वेळा नाही पण तीनदा विसळून, पुसून परत दिला. "आईनं शिकवलंय, डबा रिकामा द्यायचा नसतो," म्हणाली आणि त्यात ती तापमानाची वही ठेवली. "माझ्याकडे हिची प्रत आहे. ही इथेच राहू द्या. कुणाला तरी लागेल."

"धम्मदीपा, मी त्या दिवशी…"

"ताई, साडेचारची गाडी आहे."

वही उल्काताईंच्या खणात राहिली, हातमोज्यांच्या खोक्याखाली.

२००७ मध्ये प्रद्युम्न नावाचा नवा संशोधक आला, नाशिकचा, बडबड्या, उल्काताईंना पहिल्याच दिवशी मावशी म्हणणारा. छापलेला निबंध हाती धरून तोच प्रयोग त्यानं पाच महिने केला. नवीन इमारत, नवा सूक्ष्मदर्शक, काचेखाली तापमान धरून ठेवणारी पट्टी. काही केल्या जेवलेलं एन्झाइम जास्त धावेना. एका संध्याकाळी तो कपाळावर हात मारून उल्काताईंच्या टेबलाशी बसला. "मावशी, माझंच काहीतरी चुकतंय. मी परत जातो नाशिकला, द्राक्षं विकतो."

उल्काताईंनी खण उघडला आणि वही काढून दिली.

त्यानं ती रात्रीत वाचली. सकाळी आला तो बडबड न करता आला. "हे कुणी केलं?"

उल्काताईंनी सांगितलं. चहाच्या खोलीतलंही सांगितलं, स्वेटरचंही. बैठकीतलं आपलं वाक्य मात्र सांगायचं राहिलं.

२००८ च्या वसंतात त्याच नियतकालिकात अर्ध्या पानाची दुरुस्ती छापून आली. आधीच्या निबंधातला वेगातला फरक एन्झाइमच्या कामामुळे नसून खोलीच्या तापमानातल्या बदलामुळे असावा, असं त्यात होतं. खाली हार्म्स आणि प्रद्युम्न यांची नावं. आणि शेवटी एक ओळ: तापमानातल्या या फरकाकडे लक्ष वेधल्याबद्दल लेखक फ्राऊ उल्का ब्रांट यांचे आभारी आहेत.

"मी तिचं नाव घातलं होतं, मावशी, शप्पथ," प्रद्युम्न म्हणाला. "सरांनी काढलं. म्हणाले, तिनेच लेखी दिलंय, या कामाशी माझं नाव जोडू नका."

उल्काताई वर गेल्या. हार्म्स यांनी खुर्ची पुढे केली. दुरुस्तीमुळे त्यांचं काही बिघडलं नव्हतं. प्रामाणिकपणाबद्दल दोन सहकाऱ्यांनी त्यांना अभिनंदनाची पत्रं लिहिली होती.

"ती ओळ चुकीची आहे," उल्काताई म्हणाल्या. "लक्ष वेधलं ते तिने. मी तर विचारल्यावर बावीस म्हटलं होतं."

"काटा बावीसच दाखवत होता, फ्राऊ ब्रांट. तुम्ही बरोबरच सांगितलंत." आणि ते आपुलकीनं हसले. ते तसं आपल्याकडे बघून हसले नसते तर फार बरं झालं असतं, असं उल्काताईंना जिना उतरताना वाटलं.

कॉरिडॉरमध्ये आता लोक त्यांच्याकडे जरा वेगळं बघत. जास्त आदरानं.

नंबर मिळवायला आठवडा गेला. धम्मदीपा दक्षिणेकडे होती. नागपूरच्या उज्ज्वल नावाच्या इंजिनिअरशी तिचं लग्न झालं होतं. तो झिंडेलफिंगेनला मोटारींच्या कारखान्यात होता. फोन तिनेच उचलला. मागे जर्मन बालगीत लागलं होतं आणि एक लहान मूल त्यात सूर मिसळत होतं.

उल्काताईंनी दुरुस्तीबद्दल सांगितलं. सगळं, शेवटच्या ओळीसकट.

"म्हणजे मोजमाप बरोबर होतं," धम्मदीपा म्हणाली.

"हो. शेवटच्या आकड्यापर्यंत."

"बाबांना सांगायला पाहिजे होतं. गेल्या दिवाळीच्या आधी गेले ते."

उल्काताईंनी विचारलं, "तू रागावली आहेस न माझ्यावर?"

"हो, ताई."

इतकं साधं उत्तर. 'छे हो' नाही, 'जाऊ द्या' नाही.

"मी त्यांना पत्र लिहीन. नियतकालिकाला. तुझं नाव घालायला लावीन."

"लिहा. तुम्हाला लिहावंसं वाटत असेल तर लिहा." मूल रडायला लागलं होतं. "दियाला भूक लागलीय. ठेवते."

उल्काताईंनी पत्र लिहिलं. बैठकीतलं आपलं वाक्य, त्या वेळी आपल्याला काय ठाऊक होतं, सगळं, सही करून. संपादकांचं उत्तर दोन महिन्यांनी आलं: दुरुस्तीला दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही, आणि संबंधित व्यक्तीनं नाव मागे घेतल्याची नोंद त्यांच्याकडे आहे. ते पत्र त्यांनी झिंडेलफिंगेनला पाठवलं. त्याची पोच आली नाही.

आता, २००९ मध्ये, धम्मदीपा तिथल्याच एका मोटारींचे रंग तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. आठवड्यातून चार दिवस, सकाळची पाळी, सहा ते दोन. पीएच.डी. तिने पुन्हा सुरू केलेली नाही.